रिचर्ड वॉकर : रात्रीच्या तळ्याला कान देणारा अभियंता

गळ टाकून पाण्याकाठी तासन्‌तास बसलेल्या माणसाकडे आपण बहुधा रिकामटेकडेपणाचा नमुना म्हणून पाहतो. इंग्लंडमध्ये मात्र या छंदाला साडेतीन शतकांहून अधिक काळाची ग्रंथपरंपरा आहे. आयझॅक वॉल्टन यांचा गळाच्या मासेमारीवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली प्रकाशित झाला. त्यानंतर या विषयावर तेथे धर्मोपदेशकांनी लिहिले, डॉक्टरांनी लिहिले, सेनाधिकाऱ्यांनी आणि कवींनीही लिहिले. या दीर्घ परंपरेला विसाव्या शतकात सर्वांत मोठे वळण ज्यांनी दिले ते रिचर्ड स्टुअर्ट वॉकर हे पेशाने अभियंते होते. नशिबाचा आणि संयमाचा खेळ मानल्या गेलेल्या या छंदाला त्यांनी तर्काची आणि मोजमापाची शिस्त लावली.

वॉकर यांच्या नावावर अनेक गोष्टी जमा आहेत. सुमारे २८ वर्षे अबाधित राहिलेला कार्प माशाचा ब्रिटिश विक्रम, एका साप्ताहिकातील तीन दशकांचे स्तंभलेखन, काठ्यांचे आणि वजनांचे नवे आराखडे, काही पुस्तके. यांखेरीज त्यांच्या कामाचा एक भाग अगदी लहानशा वस्तूत सामावलेला आहे. मासा आमिष घेऊन निघाला की वाजणारी विजेची घंटी, म्हणजेच इंग्रजीत ज्याला बाइट अलार्म म्हणतात ते उपकरण. एक बॅटरी, एक तार, धातूचे दोन बिंदू आणि एक बझर एवढाच त्याचा संसार. पण या घंटीने माणसाला रात्रीचे तळे खुले करून दिले. त्याचबरोबर यंत्रावर किती सोपवावे आणि स्वतःकडे काय राखावे, हा प्रश्नही तिने मागे ठेवला. वॉकर यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न पदोपदी भेटतो.

हिचिनचा मुलगा

वॉकर यांचा जन्म २९ मे १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेस असलेल्या हर्टफर्डशायर परगण्यातील हिचिन या गावी झाला. लहानपणापासूनच त्यांना पाण्याची आणि माशांची ओढ होती. पुढे केंब्रिज विद्यापीठात त्यांनी अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला. तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले आणि वॉकर फार्नबरो येथील शाही विमान संशोधन संस्थेत दाखल झाले. विमानांतील रडार यंत्रणेशी संबंधित काम त्यांच्याकडे आले. डोळ्यांना जे दिसत नाही त्याची चाहूल उपकरणाने घ्यायची, हे त्या काळातील रडारचे सूत्र होते. पुढे पाण्याकाठी त्यांनी जे केले त्याचे बीज या कामात शोधण्याचा मोह आवरत नाही.

युद्धानंतर ते लेचवर्थ येथील कौटुंबिक व्यवसायात रमले. हिरवळ कापण्याची यंत्रे तयार करण्याचा हा कारखाना होता. दिवसा पाती, गियर आणि दांडे यांचा हिशेब आणि सुटीच्या दिवशी नदीकाठ असा त्यांचा क्रम असे. मात्र या दोन जगांत त्यांनी भिंत उभी केली नाही. कारखान्यातील लेथ यंत्र, वर्कशॉपमधील हत्यारे आणि अभियंत्याची मोजून पाहण्याची सवय ही सारी शिदोरी ते सोबत घेऊन तळ्यावर जात. हौशी माणसाने स्वतःची काठी स्वतः कशी बनवावी हे सांगणारे त्यांचे पुस्तक १९५२ साली आले.

न सापडणारा मासा

वॉकर यांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी कार्प हा मासा समजून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडील रोहू, कटला, मृगळ आणि महसीर हे ज्या कुळातील, त्याच कुळातील हा मासा. महाराष्ट्रातील मत्स्यशेतकरी त्याला सायप्रिनस या शास्त्रीय नावानेच ओळखतात. आपल्याकडे तो खाण्यासाठी वाढवला जातो. इंग्लंडमध्ये मध्ययुगात मठांच्या आणि जमीनदारांच्या तळ्यांत तो याच कारणासाठी सोडला गेला. कालांतराने खाण्याची प्रथा मागे पडली आणि कार्प हा केवळ गळाच्या खेळाचा मासा उरला.

हा मासा विलक्षण सावध असतो. या कुळातील माशांच्या शरीरात हवेची पिशवी आणि अंतःकर्ण यांना जोडणारी लहान हाडांची एक साखळी असते. त्यामुळे त्यांना पाण्यातील आवाज फार चांगला ऐकू येतो. काठावर पाय आपटला तरी मोठा कार्प निघून जातो. आमिष तोंडात घेतल्यावर किंचितही विरोध जाणवला तर तो ते टाकून देतो. शिवाय उन्हाळ्यात तो प्रामुख्याने रात्री आणि पहाटे काठाजवळ चरायला येतो. नेमक्या याच वेळी माणसाला पाण्यावर तरंगणारे बूच दिसत नाही.

परिणामी पन्नाशीच्या दशकापर्यंत मोठा कार्प गळाने पकडणे जवळपास अशक्य आहे, असे इंग्लंडमधील जाणकारही मानत. १९३० साली आल्बर्ट बकली यांनी डर्बीशायरमधील मॅपर्ली जलाशयात पकडलेला २६ पौंडांचा, म्हणजे सुमारे पावणेबारा किलोंचा कार्प हा विक्रम होता आणि तोही नशिबाचा चमत्कार समजला जाई. वॉकर यांना हे मान्य नव्हते. मासा सापडत नसेल तर त्याला कारण असले पाहिजे आणि कारण असेल तर ते शोधता आले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

पत्रांतून घडलेली कार्यशाळा

या शोधात त्यांना समविचारी सोबती मिळाले. बीबी या टोपणनावाने लिहिणारे लेखक व चित्रकार डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड हे त्यांपैकी एक. त्यांचे कार्पवरील पुस्तक १९५० साली आले आणि अनेकांना या माशाचे वेड लागले. दुसरे सोबती होते लिंकनशायरचे मॉरिस इंगम. वॉकर आणि इंगम यांच्यात दीर्घ पत्रव्यवहार झाला. काठी किती वाकावी, गळाची धार कशी असावी, पावाच्या लगद्यात पाणी किती घालावे, रात्री माशाची चाहूल कशी घ्यावी अशा प्रश्नांवर दोघे पानेच्या पाने लिहीत. ही पत्रे १९५३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

१९५१ साली या मंडळींनी कार्प पकडणाऱ्यांचा एक छोटा क्लब स्थापन केला. सदस्य होते मोजके. एका सदस्याने लिहायचे, पुढच्याकडे पाठवायचे, त्याने आपली भर घालून तिसऱ्याकडे पाठवायचे, अशी फिरत्या पत्रांची पद्धत त्यांनी ठेवली होती. प्रत्येकाचा अनुभव सर्वांच्या कामी यावा आणि अपयशाचीही नोंद राहावी हा त्यामागचा उद्देश. संशोधन संस्थेत शोभावी अशी ही शिस्त होती आणि तिच्या केंद्रस्थानी वॉकर होते.

त्या काळी कार्पसाठी योग्य अशी काठी दुकानात मिळत नसे. एक तर समुद्रातील माशांसाठीच्या जाडजूड काठ्या, नाहीतर लहान माशांसाठीच्या नाजूक छड्या. वॉकर यांनी चीनमधील टोंकिन बांबूच्या त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षट्‌कोनी काठ्या बनवण्यास सुरुवात केली. एकामागून एक आराखडे झाले आणि त्यातूनच दहा फुटांची मार्क फोर ही काठी सिद्ध झाली. तिचे टोक काटकोनात वाकवण्यासाठी किती वजन लागते यावरून काठीची ताकद मोजायची पद्धत त्यांनी रूढ केली. काठ्यांवर हे माप आजही छापलेले असते. तोवर काठीची निवड हाताला कसे वाटते यावर चाले. वॉकर यांनी तिला आकड्याचा आधार दिला.

घंटीचा जन्म

काठी झाली, गळ झाला, मोठ्या तोंडाचे हातजाळे झाले. आता प्रश्न उरला रात्रीचा. आमिष तळाशी टाकून काठी दोन आधारांवर ठेवायची आणि रिळातून दोर मोकळा जाऊ द्यायचा, ही कार्पसाठीची रीत. माशाला विरोध जाणवू नये म्हणून दोर सैल असणे गरजेचे. मग मासा लागल्याचे कळणार कसे? चांदीच्या कागदाची घडी दोरावर अडकवायची किंवा पिठाची गोळी लावायची आणि ती हलते का हे पाहत राहायचे, हे तेव्हाचे उपाय. चांदण्यात ते ठीक होते. काळोख्या रात्री मात्र डोळे ताणून ताणून माणूस दोन तासांत थकून जाई. नंतर त्याला कागद न हलताही हललेला दिसे आणि हललेला दिसत नसे.

वॉकर यांनी डोळ्यांचे हे काम कानांकडे सोपवले. त्यांच्या उपकरणाची रचना साधी होती. काठीच्या पुढच्या आधाराजवळ एक छोटी डबी बसवायची. तिच्यातून एक बारीक, हलकी दांडी बाहेर आलेली असे. काठीवरचा दोर या दांडीला स्पर्श करून जाई. माशाने आमिष उचलून चालायला सुरुवात केली की दोर ताणला जाई आणि दांडी किंचित कलंडे. दांडीच्या आतील टोकावर धातूचा एक बिंदू आणि समोर स्क्रूवर बसवलेला दुसरा बिंदू. दोन्ही टेकले की विद्युतमंडल पूर्ण होई आणि मच्छीमाराच्या उशाशी ठेवलेल्या पेटीतील बझर गुणगुणू लागे. स्क्रू फिरवून दोन बिंदूंमधील अंतर कमी-अधिक करता येई. वारा असेल तर अंतर थोडे वाढवायचे, रात्र शांत असेल तर केसाइतके ठेवायचे. उपकरणाचे सारे मर्म या अंतरात होते.

या घंटीची कृती वॉकर यांनी आपल्या लेखनातून सांगितली. दाराच्या घंटीचा बझर, टॉर्चची बॅटरी आणि पत्र्याची डबी यांच्या जोरावर अनेकांनी घरच्या घरी ती तयार केली. पुढे याच तत्त्वावरचे उपकरण हेरॉन या नावाने बाजारात आले. हेरॉन म्हणजे बगळा. पाण्याकाठी एका पायावर निश्चल उभ्या राहणाऱ्या पक्ष्याचे नाव या पहारेकऱ्याला शोभून दिसले. पुढील दोन दशके इंग्लंडमधील कार्पवेड्यांच्या सामानात हेरॉनला मानाचे स्थान होते.

१३ सप्टेंबर १९५२

हर्टफर्डशायरपासून दूर, वेल्सच्या सीमेजवळ हेरफर्डशायर परगण्यात बर्निथन कोर्ट नावाची एक जुनी वास्तू आहे. तिच्या आवारातील तळे जेमतेम तीन एकरांचे. पाण्यातील वनस्पती आटोक्यात राहाव्यात म्हणून १९३४ साली तेथे ५० लहान कार्प सोडण्यात आले होते. त्यानंतर त्या माशांकडे फारसे कोणी फिरकले नाही आणि ते वाढत राहिले. ऑक्टोबर १९५१ मध्ये बॉब रिचर्ड्‌स यांनी तेथे ३१ पौंड ४ औंसांचा कार्प पकडून बकली यांचा विक्रम मोडला. ही वार्ता वॉकर यांच्या कानी गेली आणि क्लबचे लक्ष या तळ्याकडे वळले. ठावठिकाणा गुप्त राहावा म्हणून त्याला रेडमायर असे टोपणनाव देण्यात आले. गंमत अशी, की आज जगभर ते तळे या टोपणनावानेच ओळखले जाते.

सप्टेंबर १९५२ मध्ये वॉकर आणि त्यांचे मित्र पीट थॉमस रेडमायरवर मुक्कामास गेले. शनिवारी, १३ तारखेला पहाटेपूर्वी तळ्यावर दाट काळोख होता. दोघांच्या काठ्या आधारांवर ठेवलेल्या, गळाला पावाचे आमिष, दोर मोकळे. पाच वाजण्याच्या सुमारास एका घंटीचा बझर क्षणभर वाजला. दोघेही तत्काळ आपापल्या काठीपाशी पोचले. दोर वॉकर यांच्या रिळातून जात होता. त्यांनी काठी उचलून झटका दिला आणि काठी वाकली. काळोखात माशाचा आकार दिसण्याची सोय नव्हती. काठीवर येणाऱ्या ओढीवरूनच त्याच्या आकाराचा अंदाज बांधावा लागत होता. अखेर थॉमस यांनी जाळे पुढे केले आणि मासा जाळ्यात आला. वजन भरले ४४ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो. रिचर्ड्‌स यांच्या विक्रमापेक्षा तो जवळजवळ १३ पौंडांनी अधिक होता.

मासा मारण्याऐवजी तो जिवंत ठेवून लंडन प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयात पाठवण्यात आला. मोठ्या माशांच्या कहाण्या ऐकून हसणाऱ्यांसाठी काचेमागे पोहणारा पुरावाच तेथे ठेवला गेला. वॉकर यांनी त्याला रॅव्हियोली हे नाव दिले होते. प्राणिसंग्रहालयाने मात्र क्लॅरिसा असे नामकरण केले आणि तेच रूढ झाले. क्लॅरिसा १९७१ पर्यंत, म्हणजे सुमारे १९ वर्षे तेथे होती.

या घटनेचा परिणाम विक्रमापुरता मर्यादित राहिला नाही. मोठा कार्प ठरवून, आखणी करून पकडता येतो हे सिद्ध झाले होते. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये स्थिर पाण्यातील मासेमारीवरील वॉकर यांचा ग्रंथ आला. आधी मासा कोठे आहे ते शोधा, त्याला बिथरवू नका, साधने त्याच्या ताकदीला साजेशी निवडा आणि योग्य आमिष योग्य वेळी त्याच्यापुढे ठेवा, असा त्यातील विचारांचा क्रम होता. आज हे सारे स्वाभाविक वाटते. त्या वेळी मात्र ते बंडाइतके नवे होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या अँगलिंग टाइम्स या साप्ताहिकात वॉकर लिहू लागले आणि पुढे सुमारे ३० वर्षे लिहीत राहिले. रेल्वे कामगारापासून उमरावापर्यंत सर्व थरांतील वाचक त्यांना लाभले.

यंत्र आणि लक्ष

घंटीवर सुरुवातीपासूनच आक्षेप घेतले गेले. पाण्याकडे पाहत बसणे हाच या छंदाचा आत्मा. ते काम बॅटरीकडे दिले तर माणसाकडे उरते काय, असा आक्षेपकांचा रोख होता. हा आक्षेप उथळ नव्हता. घंटी आल्यावर तंबू आले, तंबूमागून खाटा आल्या आणि काही जणांसाठी मासेमारी म्हणजे काठावरची झोप झाली. काठी टाकून तासन्‌तास गायब होणारेही निघाले. अशा वेळी गळाला लागलेला मासा पाणवेलींत अडकून जखमी होण्याचा धोका असे.

वॉकर यांची स्वतःची रीत पाहिली तर त्यांनी घंटीकडे वेगळ्या नजरेने पाहिल्याचे दिसते. मासा शोधण्याचे काम त्यांनी यंत्राला कधीच दिले नाही. तळ्याभोवती फिरणे, झाडावर चढून पाण्यात डोकावणे, वारा आणि तापमान यांची नोंद ठेवणे, बुडबुड्यांवरून मासा चरतो आहे की नाही हे ओळखणे ही कामे माणसाची. घंटीकडे त्यांनी एकच काम दिले, ते म्हणजे डोळ्यांना जे शक्य नाही तेवढे टिपण्याचे. रेडमायरच्या त्या पहाटे बझर क्षणभरच वाजला. पुढचा प्रत्येक निर्णय माणसांच्या सावधपणावर अवलंबून होता. ते दोघे गाढ झोपेत असते तर घंटीचा काहीच उपयोग झाला नसता.

हीच वृत्ती त्यांच्या इतर कामांतही दिसते. बेडफर्डशायरमधील आर्ल्सी तळ्यात खोल पाण्यातील पर्च माशांसाठी त्यांनी नासपतीच्या आकाराचे, वर फिरती कडी असलेले शिशाचे वजन तयार केले. दोराला पीळ न पडू देता ते दूरवर जाई. आर्ल्सी बॉम्ब या नावाने ते जगभर गेले. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात फार्नबरोमध्ये कार्बन तंतूंवर संशोधन झाले तेव्हा आपल्या जुन्या संस्थेतील या नव्या द्रव्यापासून काठी करण्याच्या प्रयोगांत वॉकर अग्रभागी होते. ज्या माणसाने बांबूच्या काठीला पूर्णत्व दिले त्यानेच तिला निवृत्त करणाऱ्या द्रव्याचे स्वागत करावे, ही त्यांच्या स्वभावाची खूण म्हटली पाहिजे. जुन्या वस्तूचा लोभ त्यांना नव्हता. तिच्या जागी अधिक चांगली वस्तू कशी येईल याची त्यांना उत्सुकता असे.

हेरॉननंतर

विद्युत घंटीचेही असेच झाले. हेरॉनचे दोष वापरणाऱ्यांना लवकरच कळले. दोर ताणला गेला तरच ती वाजे; मासा काठाच्या दिशेने आला आणि दोर सैल पडला तर ती गप्प राही. पावसाचे पाणी आत शिरे, बिंदूंवर गंज चढे, वाऱ्याने दोर हलला तरी ती वाजत राही. सत्तरीच्या दशकात हौशी तंत्रज्ञांनी तिच्यात ट्रान्झिस्टर आणि रिले बसवून सुधारणा केल्या. त्या दशकाच्या अखेरीस डेलारीड कंपनीच्या ऑप्टॉनिक या उपकरणाने चित्र पालटले. यात दोर एका लहान चाकावरून जाई. चाक फिरले की त्याला जोडलेली पाती प्रकाशाची तिरीप अडवत आणि प्रत्येक वेळी टूं असा आवाज येई. दोर कोणत्याही दिशेने गेला तरी चाक फिरणारच. मासा किती वेगाने चालला आहे हेही आवाजांच्या अंतरावरून कळू लागले. त्यातच बदल करून देत डेल्किमसारखी नावे पुढे आली आणि आजची बिनतारी, सूक्ष्म कंपने टिपणारी उपकरणे त्याच वाटेवरची आहेत.

तरीही जुनी हेरॉन आणि ऑप्टॉनिक उपकरणे टाकून देण्यात आलेली नाहीत. ब्रिटनमध्ये ती जमवणाऱ्यांचा, दुरुस्त करणाऱ्यांचा आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचा एक वर्ग आहे. लिलावात, जुन्या बाजारात किंवा एखाद्या वृद्धाच्या पोटमाळ्यावर अशी पेटी सापडते. उघडून पाहावे तर विसरलेल्या बॅटरीतील रसायन गळून पितळी पट्ट्या हिरव्या झालेल्या असतात, तारेवरचे आवरण कडक होऊन तडकलेले असते, डाग दिलेले सांधे सुटलेले असतात. दुरुस्तीचा क्रम साधारण ठरलेला. आधी बॅटरी काढून क्षार पुसायचे, मग तार आणि सांधे तपासायचे, शेवटी स्पर्शबिंदू अगदी हलक्या हाताने साफ करायचे. खरखरीत कागदाने ते घासले तर पृष्ठभाग ओरखडतो आणि उपकरणाची संवेदनशीलता जाते. ऑप्टॉनिकमध्ये बहुधा चाकाच्या आसात माती किंवा प्रकाशाच्या वाटेत कोळ्याचे जाळे एवढाच दोष निघतो. जुन्या आकाराची बॅटरी मिळाली नाही तर त्याच व्होल्टेजचे आजचे सेल बसवण्यासाठी छोटा साचा करावा लागतो.

दुरुस्त झालेली घंटी शोभेच्या कपाटात ठेवणारे आहेत, तसे ती पाण्यावर नेणारेही आहेत. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील मासेमारीचा हंगाम परंपरेने १६ जूनला सुरू होतो. बहुतेक स्थिर पाण्यांवरील बंदीकाळ १९९५ मध्ये उठला असला, तरी जुन्या वळणाचे लोक हा दिवस पाळतात. बांबूची काठी, जुने रीळ आणि हेरॉनची पेटी घेऊन ते तळ्यावर जातात. अंधार पडू लागला की स्क्रूला हलकेच पीळ देत दोन बिंदूंमधील अंतर जुळवतात. वारा फिरला की पुन्हा उठून ते बदलतात. हेरॉन बसवून झोपी जाता येत नाही. रात्रभर तिची विचारपूस करावी लागते. आजच्या सफाईदार उपकरणांनी जे श्रम वाचवले, त्याच श्रमांत या मंडळींना आनंद सापडतो. कारण त्या श्रमांत तळ्याकडे आणि रात्रीकडे लक्ष राहते.

वॉकर यांचा विक्रम १६ जून १९८० रोजी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी मागे पडला. ख्रिस येट्स यांनी साडेएकावन्न पौंडांचा कार्प पकडला आणि तोही रेडमायरमध्येच. येट्स हे जुन्या बांबूच्या काठीचे भक्त आणि शांत निरीक्षणाचे पुरस्कर्ते. वॉकर यांनी घालून दिलेल्या वाटेवरून, त्यांच्याच काळातील साधनांच्या सोबतीने त्यांच्या पुढे जाणारा मच्छीमार यावा, हा योग सुंदर म्हणायला हवा.

त्यानंतर पाच वर्षांनी, २ ऑगस्ट १९८५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी वॉकर यांचे निधन झाले. आज इंग्लंडमध्ये ५० पौंडांचे कार्प अपूर्वाईचे राहिलेले नाहीत. तळी जोपासली जातात, माशांना भरपूर खाद्य मिळते, पकडलेला मासा मऊ गादीवर ठेवून, मोजून पुन्हा पाण्यात सोडला जातो. ४४ हा आकडा यादीत केव्हाच खाली गेला आहे. पण रात्री एखाद्या तळ्याकाठी घंटीचा आवाज होतो आणि माणूस झटकन उठून काठीकडे धावतो तेव्हा त्या आवाजामागे लेचवर्थच्या या अभियंत्याचा विचार असतो. चाहूल देण्याचे काम घंटीचे. ती चाहूल लागेपर्यंत जागे राहण्याचे आणि लागल्यावर काय करायचे हे जाणण्याचे काम त्यांनी माणसाकडेच ठेवले होते.